पन्हाळा ते दाजीपूर: मॉस आणि लिव्हरवर्टच्या नोंदी वर्षानुवर्षं कशा ठेवायच्या?

कातळफूल

नमस्कार मंडळी,

येत्या मृगापासून कोल्हापूर परिसरातल्या मॉस आणि लिव्हरवर्टच्या (दगड-मातीवर वाढणाऱ्या, फुलं आणि खरी मुळं नसलेल्या बुटक्या हिरव्या वनस्पती) नोंदी ठेवायला आमचा सहा जणांचा गट सुरुवात करतोय. एका हंगामात यादी करून मोकळं व्हायचं नाही, निदान पाच वर्षं त्याच त्या जागांवर जायचं असं ठरलंय. जागा तीन निवडल्यात: रंकाळ्याचा दगडी काठ, पन्हाळा आणि मसाई पठार, आणि परवानगी मिळाली तर दाजीपूरचं जंगल. शहरात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस, तिकडे गगनबावड्याला पाच हजारांच्या वर, आणि मधलं अंतर जेमतेम ५५ किलोमीटर. हवामान बदलतंय तसं या झाडोऱ्याचं काय होतंय, हे बघायला आपला जिल्हा उत्तम आहे असं वाटतं.

अडचणी अशा. नमुना किती घ्यायचा, आणि जुलैच्या दमट हवेत तो बुरशी न लागता सुकवायचा कसा? दरवर्षी मोजायचे कायमचे चौकोन ठरवायचे तर गडाच्या दगडाला खिळा मारता येणार नाही, मग पुढच्या वर्षी नेमकी तीच जागा सापडणार कशी? आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे या कामाला पुरतील का?

४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे, उणे २० अंशांचा फ्रीझर आहे. डेटालॉगर (तापमान वगैरे आपोआप नोंदवणारं यंत्र) मात्र दोनच परवडतील.

---

पाकीट_पेन्सिल

नमुन्यांबद्दल लिहितो, बाकीचं इतर जाणकार सांगतील.

पहिली गोष्ट, पॉलिथिनच्या पिशव्या घरी ठेवा. ओला मॉस पिशवीत बंद केला की आत पाणी सुटतं आणि दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. कागदी पाकिटंच न्यायची, आणि ती आदल्या रात्री करून ठेवायची. ए-फोर कागद उभा धरा. खालची कड वर आणा, वर सात सेंटिमीटर मोकळे ठेवा. मग दोन्ही बाजू साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर मागे दुमडा आणि वरचा सात सेंटिमीटरचा पट्टा झाकणासारखा खाली घ्या. साधारण १४ बाय ११ सेंटिमीटरचं पाकीट तयार होतं. टाचणी, स्टेपलर काही नको, ते गंजतात आणि डाग आत उतरतात.

मॉसची गादी तळहाताहून मोठी असेल तरच नमुना घ्या, आणि तोही दोन रुपयांच्या नाण्याएवढा, कडेचा. मधूनच उचकटलं की भोकाच्या कडा वाळतात, खाली पाणी शिरतं आणि पुढच्या जोराच्या सरीत अख्खी गादी सुटते. तळहाताहून लहान असेल तर फोटो आणि चिमट्याने चार-पाच फांद्या, बास. लोणी लावायची बोथट सुरी दगडावरून सरकवायला चांगली. धारदार पातं मॉस मधोमध कापतं, आणि ओळखायला लागणारा बुडखा दगडावरच राहतो.

पाकिटावर पेन्सिलीने तिथल्या तिथे लिहायचं: तारीख, गावाचं आणि जागेचं नाव, अक्षांश-रेखांश, उंची, कशावर होता (जांभा, काळा दगड, चुन्याचा सांधा, माती, कोणत्या झाडाची साल), तोंड कुठल्या दिशेला, सावली किती, ओला होता की सुका. "पन्हाळा, भिंतीवर" एवढंच लिहिलेलं पाकीट वीस वर्षांनी कोणाच्याच कामाचं नसतं. जांभ्यावर होता की चुन्याच्या सांध्यावर, यात अर्धी ओळख असते, कारण जांभा आम्लधर्मी आणि चुना अल्कधर्मी.

सुकवताना दाबायचं नाही. फुलझाडांसारखं वर्तमानपत्रात घालून प्रेसमध्ये आवळलं तर पानांची ठेवण मोडते, आणि सुकल्यावर पान कसं वळतं हीच तर मॉसची मोठी खूण आहे. पाकिटं उघडी करून पंख्याखाली एका थरात मांडा, रोज एकदा हलवा. एप्रिलमध्ये एका दिवसात सुकतात. जुलैत मात्र आठवडा गेला तरी दमटच राहतात. त्यासाठी लाकडी खोक्यात खाली जुना ४० वॉटचा बल्ब, वर जाळी, जाळीवर पाकिटं. आत थर्मामीटर ठेवा, ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पूर्ण सुकल्यावर (हाताला कुरकुरीत लागलं पाहिजे) सगळी पाकिटं प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये सात दिवस, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची. गार पाकिटं लगेच उघडली की हवेतला ओलावा त्यांच्यावर धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. डांबरगोळ्या घालू नका. किडे त्याने नीट मरत नाहीत, आणि पाकीट तपासणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र ती वाफ जाते.

लिव्हरवर्टचं वेगळं. पानासारखे अवयव असलेल्या लिव्हरवर्टच्या पेशींमध्ये तैलपिंड असतात. त्यांची संख्या, आकार, रंग यांवरून प्रजाती ठरते, आणि सुकल्यावर ते नाहीसे होतात. म्हणून अशी पाकिटं घरी येताच सूक्ष्मदर्शकाखाली, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. पाण्याच्या थेंबात एक पान, ४०० पट, मोबाईलने फोटो, फोटोचा नंबर पाकिटावर. चपट्या थॅलसचं (पान-खोड वेगळं नसलेलं सपाट अंग) लिव्हरवर्ट मातीसकट उचला. सुकताना ते कडेने आत वळतं आणि वरची बाजू दिसेनाशी होते. दोन थॅलस टिपकागदात हलक्या वजनाखाली ठेवा, एक वरची बाजू दाखवणारा, एक खालची. खालच्या खवल्यांचा रंग पुढे लागतोच.

सुका मॉस तपासताना कपात दोन फांद्या, वर उकळतं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तीन-चार मिनिटांत पानं उघडतात. मग पानाला मधली शीर आहे का आणि ती टोकापर्यंत जाते का, बुडाच्या कोपऱ्यातल्या पेशी वेगळ्या आहेत का, पेशींवर बारीक उंचवटे आहेत का, बीजाणुधानीच्या (बीजाणूंच्या डबीच्या) तोंडाला दात आहेत का, हे पाहायचं. कायमची काचपट्टी करायची तर ग्लिसरीन जेली: जिलेटिन ८ ग्रॅम, पाणी ४२ मि.ली., ग्लिसरीन ५० मि.ली., फिनॉल १ ग्रॅम. मंद आचेवर विरघळवा. फिनॉल हाताला लागू देऊ नका, कातडी भाजते.

इथे सुरुवातीला भेटणारे आधी ओळखून ठेवा. भिंतींवर हायोफिला इनव्होल्युटा, सुकला की पानं आत गुंडाळून घेतो आणि बीजाणुधानीला दात नसतात. फुटपाथच्या फटीत चंदेरी ब्रायम अर्जेंटियम. पानाच्या वरच्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नसतं, म्हणून चांदीसारखा दिसतो. जळालेल्या जमिनीवर फ्युनारिया हायग्रोमेट्रिका, त्याचा दांडा ओला-सुका होताना पीळ घेतो. झिरपत्या कातळावर फिलोनोटिस. प्लाजिओकॅझ्मा आणि अॅस्टरेला यांत गोंधळ नेहमीचा: पहिल्याचा फळाचा दांडा थॅलसच्या पाठीवरून मधूनच उगवतो, दुसऱ्याचा टोकाजवळून, आणि त्याच्या खाली पांढरी झालर दिसते. टार्जिओनियाच्या टोकाखाली शिंपल्यासारखी काळपट जांभळी डबी असते. अंधाऱ्या, ओल्या जागी, पन्हाळ्याच्या अंधारबावीसारख्या ठिकाणी, पातळ चमकदार पिवळसर हिरवं काही दिसलं तर सायथोडियमची शक्यता आधी धरा.

भिंतीवरचा नारिंगी मखमली थर हा मॉस नाही, ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल. आणि नेच्याचं हृदयाच्या आकाराचं कोवळं पान नवखे हमखास लिव्हरवर्ट म्हणून आणतात. ते जवळजवळ एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यावर छिद्रं नसतात, खाली खवले नसतात.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात), एक पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात. स्वतःच्या कपाटातला नमुना हा पुरावा धरला जात नाही.

---

ओल_मोजा

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर: नाही, पुरणार नाहीत. पाऊस किती मिलिमीटर पडला यावरून मॉसचं फारसं काही कळत नाही. मॉस सलग किती तास ओला राहिला, हे मोजायला हवं. पाच वर्षांच्या नोंदीत हा एक रकाना नसेल तर बाकीचे रकाने असून उपयोग थोडा.

कारण असं. मॉसला मुळं नाहीत, मुलाभ आहेत, आणि त्यांचं मुख्य काम दगडाला धरून ठेवणं. पाणी सगळ्या अंगाने आत येतं आणि सगळ्या अंगानेच जातं. हवा कोरडी तर मॉस कोरडा. सुकल्यावर तो मरत नाही, कामकाज बंद करून पडून राहतो. पाणी मिळालं की आधी श्वसन जोरात सुरू होतं, पेशींची डागडुजी होते, आणि अन्न तयार करण्याचा वेग मागाहून वाढतो. म्हणजे ओला झाल्यावर पहिला काही काळ तोट्याचा. ओल टिकली तरच तो तोटा भरून निघतो आणि वर शिल्लक पडते. २० मिलिमीटर पाऊस तासाभरात कोसळून लगेच ऊन पडलं, तर मॉसच्या खात्यातून खर्चच झाला. तोच २० मिलिमीटर दिवसभराच्या झिमझिमीत आणि धुक्यात आला तर जमा. पर्जन्यमापकात दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून एप्रिल-मेचा वळीव या झाडोऱ्याला परवडत नाही. शेतकऱ्याला तो नांगरटीला हवा असतो, पण तापलेल्या कातळावर अर्धा तास ओला आणि पुन्हा तडतडीत सुका, असं महिन्यात पाच-सहा वेळा झालं तर मॉस मृगाच्या आधीच दमलेला असतो. अवकाळी सरी वाढल्या आणि मुख्य पावसात उघडीप लांबली, तर वर्षाचा एकूण पाऊस वाढूनही गादी उतरू शकते.

ओलीचे तास मोजायला महागडं काही नको. जंगलात प्राण्यांसाठी लावतात तो ट्रेल कॅमेरा दर ३० मिनिटांनी फोटो काढेल असा लावा. बहुतेक ट्रेल कॅमेऱ्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून अंतर एक ते दीड मीटर ठेवा. पान दिसलं नाही तरी चालतं, रंग पुरतो: हायोफिला ओला असताना गडद हिरवा, सुकला की तपकिरी काळपट. चौकटीत एक पांढरा आणि एक करडा ठोकळा ठेवा, नाहीतर ढगाळ दिवसाचा फोटो ओला वाटतो. एक कॅमेरा एका भिंतीला पुरे.

दुसरा उपाय फक्त वजनकाट्याचा. घराच्या किंवा कॉलेजच्या भिंतीवरचा पाच सेंटिमीटरचा मॉसचा तुकडा नायलॉनच्या जाळीत घालून मोकळ्यावर ठेवा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दिवसातून चार वेळा वजन करा. ओलं वजन वजा सुकं वजन, भागिले सुकं वजन. महिनाभर केलं की कुठल्या सरीनंतर तो किती तासांत सुकतो याचा अंदाज येतो, आणि कॅमेऱ्यातला रंग त्याच्याशी ताडून बघता येतो. सुकं वजन पंख्याखाली स्थिर झालेलं घ्या, ओव्हनमध्ये घातलात तर तुकडा गेला.

दोन लॉगर तीन ठिकाणी वाटू नका. दोन्ही पन्हाळ्याला, एकाच भिंतीच्या उत्तर आणि दक्षिण तोंडाला. रंकाळा आणि दाजीपूर यांत पाऊस, उंची, सावली, धूळ, सगळंच वेगळं आहे. फरक सापडला तरी कशाने ते सांगता येणार नाही. एकाच भिंतीच्या दोन तोंडांत उंची, हवा, धूळ तीच, मुख्य फरक उन्हाचा. वाचन दर ३० मिनिटांनी, वर्षाला १७,५२० नोंदी होतात. लॉगरवर खालून उघडी पांढरी पीव्हीसीची टोपी, थेट ऊन लागलं तर तो हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. टोपीला बाहेरून जांभ्याच्या मातीचा हात फिरवा. पन्हाळ्याची माकडं पांढरी चकचकीत वस्तू टिकू देत नाहीत.

चौकोन २० बाय २० सेंटिमीटर. पारदर्शक जाड प्लास्टिकवर दोन-दोन सेंटिमीटरचे १०० घर आखा, प्रत्येक घराच्या मध्यावर ठिपका. ठिपक्याखाली काय आहे ते लिहायचं: कोणता मॉस, लिव्हरवर्ट, शैवाल, दगडफूल, उघडा दगड. एक ठिपका म्हणजे एक टक्का, हिशेब सोपा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा कागद न बघता. पाच ठिपक्यांहून जास्त फरक आला तर दोघांनी मिळून परत. मोजण्याआधी दहा मिनिटं पाणी फवारा, सुका मॉस आकसलेला असतो आणि व्याप (मॉसने व्यापलेली जागा) कमी भरतो.

प्रत्येक ठिकाणी उत्तर तोंडाला पाच, दक्षिण तोंडाला पाच, असे तीन ठिकाणी तीस. याहून जास्त आखू नका. साठ चौकोन पहिल्या वर्षी उत्साहात होतात, तिसऱ्या वर्षी निम्मे राहून जातात आणि तुलनाच मोडते.

जागा परत सापडण्यासाठी: भिंतीतल्या न हलणाऱ्या दोन दगडांचे कोपरे निवडा, दोन्हींपासून चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचं अंतर स्टीलच्या टेपने अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत मोजा. दोन अंतरं जिथे छेदतात तीच जागा. सोबत दोन मीटरवरून एक फोटो, अर्ध्या मीटरवरून एक. मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, ते फक्त भिंतीपाशी पोचवतं. दाजीपूरला झाडांवर अॅल्युमिनियमचा खिळा आणि बिल्ला चालेल, परवानगीत तसं लिहून घ्या. खिळा एक सेंटिमीटर बाहेर ठेवा, नाहीतर खोड जाड होताना बिल्ला गिळून टाकतं.

---

सह्यकडा

परवानग्यांचं एवढंच. दाजीपूर ज्यात येतं त्या राधानगरी अभयारण्यात अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. कार्यालय नागपूरला, अर्ज कोल्हापूरच्या वन्यजीव विभागामार्फत करा. अभयारण्यातून वनस्पती उचलायची तर त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. त्या कायद्यात 'वन्यजीव' म्हणजे फक्त प्राणी नाहीत, अधिवासातली वनस्पतीही आलीच. किती ठिकाणांहून, किती ग्रॅम, कोणत्या महिन्यांत, नमुने कुठे जमा होणार, हे लिहिलं तर प्रश्न कमी येतात. हा भाग २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, तोही संदर्भ द्या. मृग तोंडावर आलाय, यंदाच्या हंगामात दाजीपूर धरू नका.

पन्हाळा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा झालाय. तिथे खिळा, रंगाची खूण, गोंद काहीही नको. दगडावरून नमुना काढायलासुद्धा पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. मसाई पठारावर गायरान कुठलं, खासगी कुठलं, वनविभागाचं कुठलं, हे तलाठ्याकडे पाहून घ्या, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला एक पत्र द्या. गावाला माहीत असलं की चौकोनावर कोणी शेणी थापत नाही.

---

घळीतली_हिरवळ

ओल_मोजा यांनी सगळं मोलाचं लिहिलंय, एका जागी मात्र थांबवते. मोजण्याआधी पाणी फवारायचं हे जुलै ते ऑक्टोबर ठीक. मार्च ते मे अजिबात नको. वळवाबद्दल त्यांनीच जे सांगितलं तेच इथे लागू पडतं: उन्हाळ्यात दहा मिनिटं ओला करून सोडून दिलं तर तो तोट्याचा फेरा तुम्ही स्वतःच त्या चौकोनाला दिला, आणि पाच वर्षं देत राहिलात तर चौकोनातला मॉस बाहेरच्यापेक्षा खराब होईल. मग दोष हवामानाला जाईल. उन्हाळ्यात फक्त सुका फोटो. व्यापाची तुलना पावसाळी फेऱ्यांचीच करा. आणि फवारायला पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार पानांवर पांढरे बसतात.

फेऱ्यांची वेळही ठरवा. वर्षाला तीन पुरेत. पहिली नागपंचमीच्या आसपास, वाढ भरात असते. दुसरी घटस्थापना ते दिवाळी, बीजाणुधान्या पिकतात. तिसरी होळीनंतर, सुकी.

मसाई पठाराच्या सड्यावर (उघड्या सपाट कातळावर) दुसरी फेरी चुकवू नका. तिथली रिक्सिया (हेही चपट्या थॅलसचं लिव्हरवर्ट) पाणी ओसरताना उथळ मातीवर येते आणि माती तडकली की संपते. तिचे बीजाणू थॅलसच्या आतच पिकतात, थॅलस कुजल्यावर बाहेर पडतात. काळे पिकलेले बीजाणू नसलेला रिक्सियाचा नमुना प्रजातीपर्यंत नेता येत नाही, म्हणून जुलैत गोळा करून काही हाती लागत नाही. सप्टेंबरअखेर जा, थॅलस उभा कापून बघा, काळे ठिपके दिसले तरच घ्या. नोटोथायलस आणि अँथोसेरॉस हे हॉर्नवर्टसुद्धा त्याच मातीत त्याच सुमारास असतात, त्यांच्या पेशीत बहुधा एकच मोठा हरितलवक दिसतो. शिंगासारखं फळ आडवं, थॅलसला चिकटून असेल तर नोटोथायलस, उभं असेल तर अँथोसेरॉसच्या गटातलं.

सड्यावर चालताना एकामागे एक चाला. पसरून चाललात तर सहा जणांची बारा पावलं त्या एक सेंटिमीटर मातीला फार होतात.

---

कातळफूल

मनापासून आभार. दाजीपूर पुढच्या वर्षावर टाकतोय, यंदा पन्हाळा, रंकाळा आणि सडा. तीन फेऱ्या पक्क्या.

आणखी दोन गोष्टी विचारतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला कुठे रुंदीकरण निघालं आणि मॉसने भरलेला कातळ तुटणारच असेल, तर तो वाचवता येतो का? आणि गणपती-दिवाळीच्या आधी बाजारात हिरव्या गाद्या विकायला येतात, त्याबद्दल लोकांना काय सांगावं?

---

जांभा

हलवणं हा शेवटचा उपाय आहे आणि बऱ्याचदा फसतो, पण दगड फुटणारच असेल तर करायलाच हवा. मॉस दगडावरून सोडवू नका, दगडासकट उचला. वेळ मेअखेरची, मॉस पूर्ण सुका असताना. सुक्या अवस्थेत तो हाताळणी सोसतो, ओला असताना गादी हातात येते. उचलण्याआधी दगडावर खडूने वरची बाजू आणि उत्तर दिशा दाखवा. नवीन जागी तोच उतार, तीच दिशा, तेवढीच सावली. दगड मातीत एक तृतीयांश गाडा, हलता ठेवू नका. सिमेंटमध्ये तर मुळीच बसवू नका: सिमेंटमधून झिरपणारं अल्कधर्मी पाणी जांभ्यावरच्या मॉसला मारतं, आणि हे पहिल्या पावसात दिसत नाही, दुसऱ्या वर्षी दिसतं. हलवलेले दगड आणि न हलवलेले दगड, दोन्हींवर तेच १०० ठिपके मोजत राहा, नाहीतर वाचले की नाही हे कोणालाच कळणार नाही.

त्यासोबत थोडा भाग प्रयोगशाळेत वाढवून ठेवा. न उघडलेली, पण पिकत आलेली बीजाणुधानी निवडा. उघडलेली असेल तर ब्लीच आत शिरून बीजाणू मरतात. बाजारातलं ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात ३ मिनिटं. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, निर्जंतुक पाण्याच्या थेंबात फोडा आणि माध्यमावर पसरा. नॉपचं माध्यम पुरतं. लिटरला कॅल्शियम नायट्रेट १००० मि.ग्रॅ., पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २५०, पोटॅशियम क्लोराइड २५०, मॅग्नेशियम सल्फेट २५०, फेरस सल्फेट १२.५. सामू ५.८, अगर १० ग्रॅम. सड्यावरच्या प्रजातींना निम्म्या ताकदीचं घ्या. प्रकाश १६ तास, अंधार ८ तास, तापमान २० ते २५ अंश. साखर घालू नका, बुरशीला आमंत्रण होतं. कोल्हापूरचा मे महिना मात्र साध्या खोलीत कल्चर टिकू देत नाही, वातानुकूलित खोली नसेल तर हे काम ऑगस्टनंतरच काढा.

मार्केन्शियासारख्या, कपात कळ्या धरणाऱ्या लिव्हरवर्टला एवढं सोवळं लागत नाही. जांभ्याचा चुरा दोन भाग, पानांचं कुजलेलं खत एक भाग, प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास, गार झाल्यावर झाकणाच्या काचेच्या डब्यात दोन सेंटिमीटर थर, ब्रशने कळ्या पसरा, उत्तरेच्या खिडकीत ठेवा. बिघडतं ते असं: निळसर हिरवा बुळबुळीत थर आला तर पाणी जास्त झालंय, दिवसातून तासभर झाकण काढा. थॅलस अरुंद होऊन वर उभे राहिले तर प्रकाश कमी. कडेला पांढरी खपली धरली तर पाण्यात क्षार. बारीक काळ्या माश्या दिसल्या तर खत नीट शिजलं नाही, त्यांच्या अळ्या थॅलस खातात, तो डबा बाकीच्यांपासून लगेच दूर करा.

डबा हा तात्पुरता आसरा आहे, हेही लक्षात असू द्या. एकाच बीजाणुधानीतून वाढवलेला मॉस परत डोंगरावर सोडला तर सगळी एकाच घरातली भावंडं. दहा वेगवेगळ्या गाद्यांतून एकेक घ्या, डबे वेगळे ठेवा, नंबर पुसू देऊ नका.

बाजारातल्या गाद्यांचं. मखराच्या डोंगराला आणि दिवाळीच्या किल्ल्याला हिरवं हवं असतं, ते पोरांचं हौसेचं काम आहे, त्यांना रागावून काही होणार नाही. अळीव किंवा मोहरी ओल्या मातीवर दाट पेरा, पाच-सहा दिवसांत किल्ला हिरवागार होतो, आणि वसुबारसेला दिसायला हवा तर आठवडाभर आधी पेरलं की झालं. डोंगरातून काढलेली गादी किल्ल्यावर चार दिवसांत पिवळी पडते. शाळांमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधी अळिवाची पुडी वाटा, पत्रकापेक्षा ती जास्त काम करते. टांगत्या कुंड्यांना काथ्याचा लगदा चालतो. विक्रेत्याशी भांडण्याआधी गादी कुठून आली ते विचारून लिहून ठेवा. कोणत्या घाटातून, कोणत्या महिन्यात, किती पोती, हे कळलं तर वनविभागाला ठोस काही देता येईल.

---

ओल_मोजा

घळीतली_हिरवळ यांची दुरुस्ती अगदी बरोबर, फवारणीचं माझं वाक्य तेवढं बदलून वाचा.

रंकाळ्याबद्दल एक राहिलं. काठाची साफसफाई होते तेव्हा तारेच्या ब्रशने सगळं खरवडलं जातं, आणि तुमचे दहा चौकोन एका सकाळीत जातील. महापालिकेला आधीच पत्र देऊन पाच-सहा मीटरचा एक पट्टा न घासता सोडायला सांगा. दगडाला मॉसच्या मुलाभांनी भेगा पडतात ही भीती लोकांच्या मनात असते. सांधे फोडतात ती पिंपळ-वडाची रोपं, ती जरूर उपटा, आणि पत्रात हा फरक लिहा. तरीही घासलं गेलंच, तर चौकोन रद्द करू नका. तारीख लिहा, शून्य टक्के लिहा, आणि पुढच्या फेरीपासून पहिल्यांदा कोण परत येतं ते मोजा. उघड्या दगडावर आधी हिरवी साय, मग मॉसचे बारीक धागे, मग पहिल्या पानांच्या कळ्या. हे होताना भिंगातून दर पंधरा दिवसांनी फोटो घेतलेत, तर उत्तर आणि दक्षिण तोंडाच्या वेगातला फरक एका पावसाळ्यातच हाती येईल.